आरमाराचें निशाण आणि अष्टकोनी मुद्रा

इ. स. २०२२ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस कोची येथें ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका नौदलांत दाखल झाली, आणि त्याच समारंभांत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें भारतीय नौदलाच्या नव्या निशाणाचें अनावरण झालें. जुन्या निशाणावरील तांबडा क्रूस गेला. त्याच्या ऐवजीं निळा अष्टकोन आला, त्यांत ढालीवर नांगर व नांगरावर अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि अष्टकोनास सोनेरी दुहेरी कड आली. हा आकार श्रीशिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतला आहे, आणि आठ कोन हे आठ दिशांचे द्योतक आहेत, असा खुलासा सरकारतर्फे करण्यांत आला. गुलामगिरीची एक खूण आज पुसली गेली, असेंही त्या प्रसंगीं सांगण्यांत आलें.

महाराष्ट्रांत या बदलाचें स्वागत विशेष उत्साहानें झालें, हें स्वाभाविकच आहे. ज्या राजानें कल्याण-भिवंडीच्या खाडीपासून आरमाराची उभारणी केली, सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग समुद्रांत उठविला, त्याची आठवण देशाच्या नौदलास व्हावी यांत वावगें कांहीं नाहीं. उलट ती फार उशिरां झाली असेंच कोणीही म्हणेल. तथापि आनंद ही एक गोष्ट व प्रमाण ही दुसरी. राजमुद्रेचें नांव घेतलें गेलें म्हणजे तो विषय आपोआप इतिहाससंशोधकांच्या कक्षेंत येतो. शिक्के व मोर्तबें हीं आमचीं नित्याचीं साधनें. कागद हातीं आला कीं तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कोणास उद्देशून लिहिला, मूळ आहे कीं नक्कल, असे प्रश्न आम्ही विचारतों. निशाण हेंही एक साधनच आहे, आणि हेच प्रश्न त्या कापडासही विचारणें अप्रस्तुत होणार नाहीं.

या प्रसंगीं दोन मतें ऐकूं आलीं. पहिलें असें कीं, क्रूस ही गुलामगिरीची खूण होती, ती गेली, आतां निशाण स्वतंत्र झालें. दुसरें असें कीं, कापडावरील चित्र बदलल्यानें कांहींच बदलत नाहीं, हा नुसता देखावा आहे. आमच्या समजुतीप्रमाणें हीं दोन्ही मतें इतिहासाकडे पाठ फिरवून बनविलेलीं आहेत. पहिलें मत मानणारांस हा क्रूस निशाणावर कसा आला व त्याचा अर्थ किती वेळां पालटला हें पाहण्याची गरज वाटत नाहीं. दुसरें मत मानणारांस, निशाणापायीं ज्यांनीं नोकरी, तुरुंग व प्राण पणास लावले, त्यांचा विसर पडलेला दिसतो.

जमिनीवर झेंडा नसला तरी गांव कोणाचें हें पाटील-कुळकर्णी सांगूं शकतात. पाण्यावर शीव नसते व तेथें दगडही पुरतां येत नाहीं. गलबत कोणाचें, तें कोणाच्या कौलानें फिरतें, त्यावर हात टाकला तर कोणाशीं गांठ पडेल, हें सारें डोलकाठीवरील कापडावरून ओळखावें लागतें. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ‘कार्ताझ’ नांवाच्या परवान्याची सक्ती आमच्या व्यापारी जहाजांवर केली. तेव्हांपासून पश्चिम किनाऱ्यावर निशाण व परवाना हीं दर्यावरील सत्तेचीं दोन अंगें होऊन बसलीं. पुढें कान्होजी आंगरे यांनीं आपलें दस्तक घेण्याचा आग्रह धरला तेव्हां इंग्रजांनीं त्यांस चांचे ठरविलें. परवाना देण्याचा हक्क पोर्तुगीजांनीं बजावला तर तो राज्यकारभार आणि सरखेलांनीं बजावला तर ती चांचेगिरी, हा न्याय ज्या कागदांत आढळतो ते कागद कोणाच्या दफ्तरांतले आहेत, हें वाचकांस सांगणें नलगे.

सेंट जॉर्ज हा इंग्लंडचा रक्षक संत; पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस ही त्याची खूण. इ. स. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, १६६५ त तिचा ताबा आला, आणि १६६८ त राजानें तें बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. त्या काळीं कंपनीचें निशाण तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें असून त्याच्या वरच्या कोपऱ्यांत हा क्रूस असे. १७०७ त इंग्लंड व स्कॉटलंड हीं राज्यें एक झाल्यावर कोपऱ्यांत दोहोंचें जोडनिशाण आलें. पट्टे मात्र राहिले. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर हा क्रूस मुख्यतः एका व्यापारी मंडळीचें निशाण म्हणून वावरूं लागला.

आणि तो नेहमींच वर राहिला असेंही नाहीं. १६७९ त महाराजांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट बांधावयास घेतलें व इंग्रजांनीं त्यास अडथळा करण्याकरितां आपला तांडा पाठविला. १८ ऑक्टोबरच्या झुंजींत दौलतखानाच्या हाताखालील गलबतांनीं त्या तांड्यावर झडप घातली, तेव्हां इंग्रजांच्या ‘डोव्हर’ नांवाच्या गुराबेनें निशाण उतरवून शरणागति पत्करली. ही बखरींतील बढाई नव्हे. खुद्द इंग्रजांच्याच लेखांत ती नमूद आहे, आणि तीही त्या गुराबेवरील शिपायांना भेकड म्हणून. त्याच दिवशीं ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटीनें टिकाव धरून मराठ्यांचीं गलबतें मागें रेटलीं, हेंही त्याच लेखांत आहे व तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु कंपनीच्या गुराबेवर कंपनीचेंच निशाण असणार, आणि तें १६७९ चें असल्यामुळें त्यावर क्रूस असणार, हें अनुमान धरल्यास, शिवकालीन आरमारापुढें हा क्रूस एकदां तरी खालीं आला होता, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं. २०२२ च्या समारंभांत ज्यांस शिवछत्रपति व क्रूस यांचा संबंध दाखवावयाचा होता, त्यांच्या हाताशीं इतका नेमका प्रसंग होता. परंतु आकाराच्या मोहांत तो मागें पडला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गच्या बंदरांत तुळाजी आंगरे यांचें आरमार जळून गेलें, तेव्हां वॉटसन व क्लाइव्ह यांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. किल्ला पडतांच इंग्रजांनीं पेशव्यांच्या लोकांस बाहेर ठेवून आपला ताबा बसविला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील तहानें बाणकोट पदरांत पडल्यावर तो सोडला. परक्याचें निशाण आमच्या किनाऱ्यावर चढलें तें नेहमीं परक्याच्याच हातांनीं चढलें असें नाहीं. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचा बावटा लागला तो बाळाजीपंत नातू यांच्या हातें, ही गोष्ट पुण्यांतल्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. गुलामगिरीच्या खुणा मोजावयाच्या तर या हातांचाही हिशेब त्यांत येतो.

आतां ज्या निशाणाबद्दल आज वाद आहे त्याकडे वळूं. कंपनीचें ‘बॉम्बे मरीन’ १८३० त ‘इंडियन नेव्ही’ झालें, १८६३ त तें मोडलें, १८७७ त पुनः नव्या नांवानें उभें राहिलें, व १८९२ त ‘रॉयल इंडियन मरीन’ बनलें. ही नांवांची अदलाबदल फारशी महत्त्वाची नाहीं. महत्त्वाचें तें १८६४ मध्यें विलायतेंत झालें. तोंपर्यंत इंग्रजी आरमाराच्या तांबडी, पांढरी व निळी अशा तीन तुकड्या होत्या. त्या मोडून असा नियम केला गेला कीं, क्रूस असलेलें पांढरें निशाण केवळ राजाच्या युद्धनौकांनीं लावावें, तांबडें व्यापारी जहाजांनीं, आणि निळें इतर सरकारी नौकांनीं. हिंदी दलाच्या वांट्यास निळें आलें. त्यावर ‘स्टार ऑफ इंडिया’ या पदकाची खूण असे. तोफा, जहाजें व माणसें असूनही हें दल पंक्तींत खालच्या पाटावर बसविलेलें होतें, आणि निळें कापड ही त्या पाटाची खूण होती.

१९२८ च्या नोव्हेंबरांत या दलास पांढरें निशाण लावण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षीं डी. एन. मुखर्जी हे पहिले हिंदी अधिकारी त्यांत घेतले गेले. तेव्हां हिंदी नौदलावर क्रूस प्रथम चढला तो बढती म्हणून, बरोबरीचा मान म्हणून. आणि ज्यांस तो मिळाला त्यांनीं तो तसाच मानला. हा बरोबरीचा मान दिला कोणीं व कोणाच्या मर्जीनें, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच आहे, कारण मर्जीनें मिळालेली बरोबरी ही बरोबरी नव्हे. परंतु ज्या चिन्हास आज आपण दास्याचें म्हणतों तेंच चिन्ह एका पिढीनें दास्यांतून वर येण्याची पायरी म्हणून घेतलें, ही वस्तुस्थिति आहे. १९३४ त दलाचें नांव ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झालें, व दुसऱ्या महायुद्धांत तें अनेक पटींनीं वाढलें.

त्या पांढऱ्या निशाणाचा अर्थ अखेर ठरविला तो १९४६ च्या फेब्रुवारींत, आणि खलाशांनीं. १८ तारखेस मुंबईंत ‘तलवार’ या संदेशवहनाच्या शिक्षणठाण्यांतील खलाशांनीं अन्न नाकारलें. त्याआधीं १ डिसेंबर १९४५ च्या नौदल-दिनीं त्याच ठाण्याच्या भिंतींवर ‘जय हिंद’ व ‘चले जाव’ या अर्थाच्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या होत्या, व त्या प्रकरणांत बलाईचंद्र दत्त या खलाशास पुढें अटक झाली होती. दुसऱ्याच दिवशीं बंड बंदरांतील जहाजांवर पोंचलें, मग कराचीस व इतरत्र गेलें. सुमारें २०,००० खलाशी त्यांत सामील झाले. मागण्या अन्नाच्या, पगाराच्या व वागणुकीच्या होत्या, तशाच आझाद हिंद फौजेच्या बंद्यांच्या सुटकेच्या व इंडोनेशियांतून हिंदी फौज परत आणण्याच्याही होत्या. जहाजांवरचें इंग्रजी निशाण उतरविण्यांत आलें, आणि त्याच्या जागीं काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा व कम्युनिस्टांचा तांबडा असे तीन झेंडे एकत्र चढविण्यांत आले.

या तीन झेंड्यांपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. एका डोलकाठीवर एकच निशाण असावें हा दर्याचा नियम. कारण जहाजाचा धनी एक असतो. खलाशांस तो नियम पाठ होता, नव्हे, तो शिकणें हाच त्यांचा धंदा होता. तरी त्यांनीं तीन चढविले. उतरविण्याचें निशाण कोणतें याबद्दल त्यांच्यांत मतभेद नव्हता. चढविण्याचें कोणतें याचें उत्तर देशापाशींच तयार नव्हतें, आणि त्यांनीं तें ओढूनताणून दिलें नाहीं. त्यांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष एम. एस. खान व उपाध्यक्ष मदनसिंग होते. दीड वर्ष जाण्यापूर्वीं त्या तीन झेंड्यांच्या धन्यांपैकीं दोघांचीं दोन राज्यें झालीं, व तीं एकमेकांशीं लढूंही लागलीं. मुंबईच्या रस्त्यांत गोळीबारानें दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस खलाशांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. शेंकडों जणांस काढून टाकण्यांत आलें. आणि स्वातंत्र्य आल्यावर भारताच्या वा पाकिस्तानच्या, कोणत्याही नौदलांत त्यांस परत घेतलें गेलें नाहीं. ज्या निशाणाविरुद्ध त्यांनीं उठाव केला, तें भारताच्या नौकांवर १९५० च्या जानेवारीपर्यंत तसेंच फडकत होतें.

२६ जानेवारी १९५० रोजीं नौदलाच्या नांवांतील ‘रॉयल’ हा शब्द गेला, आणि निशाणाच्या कोपऱ्यांतील इंग्रजांच्या जोडनिशाणाच्या जागीं २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें मान्य केलेला अशोकचक्रांकित तिरंगा आला. क्रूस मात्र राहिला. यास कोणी विसराळूपणा म्हणतात, कोणी लाचारी. आमच्या मतें दोन्ही शब्द जरा घाईचे आहेत. त्या वेळीं जहाजें विलायतेंत बांधलेलीं, शिक्षण विलायतेंतलें, आणि नौदलाचा प्रमुखही इंग्रज होता. व्हाइस ॲडमिरल कटारी हे पहिले भारतीय प्रमुख १९५८ च्या एप्रिलांत झाले. ज्या दलाच्या शिरावर इंग्रज अधिकारी होता त्याच्या निशाणावर इंग्रज संताचा क्रूस राहिला, यांत विसंगति नव्हती. विसंगति आली ती अधिकारी गेल्यावरही क्रूस राहिला तेव्हां, आणि तिचें कारण आम्हांस इतकेंच दिसतें कीं, तोंवर खलाशांच्या डोळ्यांस तो आपला वाटूं लागला होता.

इतर देशांनीं काय केलें हें पाहिल्यास गंमत वाटते. कॅनडानें १९६५ त मेपलच्या पानाचा राष्ट्रध्वज घेतला, त्याबरोबर त्याच्या नौदलानेंही इंग्रजी पांढरें निशाण सोडलें. ऑस्ट्रेलियानें १९६७ त व न्यूझीलंडनें १९६८ त आपल्या नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा क्रूस काढून त्या जागीं दक्षिणेकडील तारे बसविले, पण कोपऱ्यांतील युनियन जॅक जेथल्या तेथें ठेवला. म्हणजे आम्हीं जें काढलें तें त्यांनीं ठेवलें, आणि आम्हीं जें ठेवलें तें त्यांनीं काढलें. न्यूझीलंडच्या लोकांस २०१६ त राष्ट्रध्वज बदलण्याविषयीं मत विचारलें असतां बहुमत जुन्याच ध्वजास मिळालें. हवाई बेटांच्या ध्वजावर तर आजही युनियन जॅक आहे, आणि तीं बेटें आहेत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत! चिन्हाची व सत्तेची गांठ आम्ही समजतों तितकी घट्ट नसते, एवढें यावरून दिसून येतें. ती बांधणारें माणूस असतें, व सोडणारेंही.

आमच्या नौदलापुरतें बोलावयाचें तर १९५० नंतर ती गांठ निराळ्या रीतीनें बांधली गेली. १८ डिसेंबर १९६१ रोजीं ‘बेटवा’ व ‘बियास’ या नौकांनीं मुरगांव बंदरांत ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशीं सामना केला आणि तिला निकामी केलें, तेव्हां त्यांच्यावर तांबड्या क्रुसाचें निशाण होतें. साडेचारशें वर्षांची वसाहतसत्ता हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून उठली ती या क्रुसाच्या देखत. डिसेंबर १९७१ च्या ४ तारखेच्या रात्रीं कराचीवर हल्ला करणाऱ्या नौकांचें निशाण हेंच. ९ तारखेस ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली, तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांसह १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले, त्यांचें निशाणही हेंच. जे या निशाणास सरसकट गुलामगिरीची खूण म्हणतात, त्यांनीं हें वाक्य ‘खुकरी’वरील एखाद्या खलाशाच्या मुलासमोर उच्चारून पाहावें. तो रागावेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याच्या घरीं त्या कापडाचा अर्थ निराळा आहे, हें बोलणारांस कळून येईल.

२००१ पासूनचा इतिहास थोडक्यांत आटोपतां येतो. त्या वर्षीं १५ ऑगस्टला क्रूस गेला व नौदलाचें निळें बोधचिन्ह आलें. तें आकाशाच्या व समुद्राच्या निळाईंत दुरून ओळखूं येत नाहीं अशी तक्रार झाली, म्हणून २००४ त क्रूस पुनः आणून त्याच्या मध्यावर सिंहमुद्रा बसविण्यांत आली. २०१४ त तिच्या खालीं ‘सत्यमेव जयते’ हीं अक्षरें घातलीं गेलीं. खलाशाच्या डोळ्यानें राजकारणाचा पराभव केल्याचें हें एक दुर्मिळ उदाहरण म्हणून टिपून ठेवण्यासारखें आहे. निशाण हें मुळांत दिसण्याकरितां असतें, ही साधी गोष्ट तीन वर्षांत सर्वांच्या ध्यानांत आली. क्रूस गेला व परत आला. देशाच्या स्वातंत्र्यांत मात्र त्यानें तीळभर कमीअधिक झालें नाहीं.

राहतां राहिला अष्टकोन. शिवछत्रपतींची राजमुद्रा अष्टकोनी होती हें निर्विवाद आहे. १६४६ च्या जानेवारींत रांझे गांवच्या पाटलाविषयीं निघालेल्या पत्रावर ती उमटलेली आहे. परंतु येथें एक भेद नजरेआड झालेला दिसतो. शिक्का कागदावर उठवावयाचा असतो व निशाण काठीवर चढवावयाचें असतें. शिक्का हुकुमाच्या खरेपणाची साक्ष देतो. तो जवळून वाचावयाचा. निशाण धन्याची ओळख देतें. तें दुरून पाहावयाचें. आपल्या पूर्वजांनीं या दोन वस्तूंची कधीं सरमिसळ केली नाहीं. शिक्के-कट्यारीचा मान निराळा व जरीपटक्याचा निराळा. मराठ्यांचें निशाणच घ्यावयाचें होतें तर भगवा झेंडा होता. तो न घेण्याचीं कारणें चालू राजकारणांतलीं असतील. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या मुद्रेचें सामर्थ्य तिच्या आठ कोनांत नव्हतें. अष्टकोनी शिक्के इतर दरबारांतही चालत. सामर्थ्य होतें तें तिच्या अक्षरांत. शहाजीराजांची मुद्रा फारशी, जिजाबाईसाहेबांचीही फारशी. तो काळच फारशी शिक्क्यांचा. अशा वेळीं पुण्याच्या एका तरुण जहागीरदाराच्या कागदांवर संस्कृत श्लोकाची मुद्रा उमटूं लागते, हीच त्यांतली क्रांति. परसत्तेच्या खुणा कशा पुसाव्या याचा त्या शतकांतील हा पहिला पाठ होता, आणि त्याचाच पुढचा अध्याय राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेण्यांत दिसतो. फारशीचें राज्य घालवावयाचें तर आधीं कागदावरची भाषा पालटली पाहिजे, हें महाराजांनीं ओळखलें होतें. नव्या निशाणानें या मुद्रेची चौकट घेतली व आंतील अक्षरें सोडलीं. ज्यांत अर्थ होता तें वगळून ज्यांत अर्थ नव्हता तें उचलल्यासारखें हें झालें.

आठ दिशांचा अर्थ म्हणाल तर तो मुद्रेच्या श्लोकांत नाहीं. श्लोकांतील प्रतिमा प्रतिपदेच्या चंद्रकलेची आहे. कोर वाढत जाते, तशी ही मुद्रा वाढत जाईल असा तिचा आशय आहे. दिशांची कल्पना सुंदर असेल, नौदलास शोभेल. पण ती इ. स. २०२२ मधली आहे, शिवशकांतली नव्हे. नवा अर्थ देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. १९४७ त तिरंग्यावरील चरख्याच्या जागीं अशोकाचें चक्र आलें तेव्हांही जुन्या आकारास नवा अर्थ दिला गेलाच होता. निशाणें अशींच बनतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नव्या अर्थावर जुनी तारीख घालूं नये. कागदाच्या बाबतींत असें कोणीं केलें तर त्यास आपण काय म्हणतों, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस माहीत आहे.

शिवाय, परकी वळण काढून टाकावयाचें होतें तर तें खरोखर कोठें आहे याचाही शोध व्हावयास पाहिजे होता. पांढरी भूमि, वरच्या कोपऱ्यांत राष्ट्रध्वज, उरलेल्या जागेंत दलाचें चिन्ह, ही मांडणी कोणाची? ती तंतोतंत इंग्रजी आहे, आणि नव्या निशाणांतही ती जशीच्या तशी आहे. क्रूस डोळ्यांत भरतो म्हणून गेला. मांडणी डोळ्यांत भरत नाहीं म्हणून राहिली. हवाई दलाचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. त्याचें आकाशी निशाण, कोपऱ्यांतील ध्वज व बाजूची रंगीत वर्तुळें हें सर्व इंग्रजी हवाई दलाच्या निशाणाचेंच वळण आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं प्रयागराज येथें त्या निशाणांत दलाचें बोधचिन्ह घालण्यांत आलें, पण वर्तुळें व मांडणी यांस कोणीं हात लावला नाहीं, व लावावा असेंही कोणीं म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. वर्तुळास धर्म नसतो. क्रुसास असतो असें लोक समजतात. तेव्हां २०२२ च्या बदलांत परसत्तेचा तिटकारा किती व क्रुसाचा किती, हा प्रश्न उरतोच. सेंट जॉर्जचा क्रूस नौदलावर धर्मचिन्ह म्हणून आला नाहीं हें वर दाखविलेंच आहे. त्याच्याखालीं लढलेले व मेलेले बहुसंख्य खलाशी त्या धर्माचे नव्हते.

याचा अर्थ बदल करूं नये होता असा मात्र नाहीं. परक्या राष्ट्राच्या रक्षक संताची खूण प्रजासत्ताकाच्या नौकेवर कायमची असावी असें आम्हांस वाटत नाहीं, आणि १९५० तच ती गेली असती तर १९४६ च्या खलाशांस कांहीं उत्तर मिळालें असतें. त्या दिवशीं कोचीस जें झालें त्यांत आम्हांस अधिक मोलाचें वाटलें तें निशाण नव्हे, जहाज. १९६१ मधली पहिली ‘विक्रांत’ मूळची इंग्रजांची ‘हर्क्युलिस’. तिचा सांगाडा इंग्रजी, निशाणावरचा क्रूसही इंग्रजी. २०२२ ची ‘विक्रांत’ कोचीच्या गोदींत बांधली गेली. कल्याणच्या खाडींत स्वतःचीं गलबतें बांधणाऱ्या राजाचा आणि या नौकेचा जो संबंध आहे तो दाखविण्यास अष्टकोनाची गरज नव्हती.

आतां आमची एक सूचना. नौदलाच्या संग्रहालयांत जुनीं निशाणें मांडावयाचीं झाल्यास तीं सालवार मांडावीं: पट्ट्यांचें कंपनीचें, १९२८ पूर्वींचें निळें, १९२८ चें पांढरें, मग १९५०, २००१, २००४, २०१४ व २०२२ चें. प्रत्येकाखालीं तें कोणाच्या हुकुमानें चढलें व कोणाच्या हुकुमानें उतरलें एवढेंच लिहावें, ‘गुलामगिरी’ व ‘गौरव’ हे शब्द पाहणारांवर सोपवावे. अष्टकोनाच्या खालीं ‘शिवमुद्रेच्या आकारावरून, इ. स. २०२२’ असें स्वच्छ लिहिलेलें असावें. आणि १९२८ व १९५० यांच्या मध्यें, हुकुमावांचून चढलेले ते तीन झेंडे एकाच काठीवर लावून ठेवावे, व त्यांच्या पायथ्याशीं नोकरींतून काढलेल्या खलाशांची यादी असावी.